ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात थंड डोक्याचा संगणक

मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४३-४४ अंशांवर जाणे ही बातमी होत नाही. काही वर्षी तो ४७ च्याही पुढे जातो. दारे-खिडक्या बंद करून बसले तरी गच्चीखालच्या खोलीत दुपारी ४० अंश असतात. अशा वेळी टेबलाखालचा संगणक घोंघावू लागतो. घरच्यांना वाटते, फॅन बिघडला. फॅन बहुतेक वेळा ठणठणीत असतो, आणि त्याच्यावर पडलेले काम मात्र दुप्पट झालेले असते.

कारण साधे आहे. घरातला संगणक खोलीच्याच हवेने थंड होतो. खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंश जास्त तापेल हे त्याच्या कामावर आणि त्याच्यावरच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, ठरते, खोलीच्या तापमानावर नाही. म्हणजे पुण्यात २८ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर, तेच काम करत असताना, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या ४० अंशांच्या खोलीत ८२ वर जाईल. बाराचा फरक जसाच्या तसा आत उतरतो. मदरबोर्डावरचा तापमापक तो टिपतो आणि फॅनचा वेग वाढवतो. गरमी आणि आवाज या दोन तक्रारी मुळात एकाच घटनेच्या आहेत, हे आधी ध्यानात घेतले तर पुढचे उपाय योग्य क्रमाने सुचतात.

संगणक जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. हिशेब केला, चित्रपट दाखवला, पत्र छापले, तरी त्यातली ऊर्जा कुठे साठून राहत नाही. ३०० वॉट ओढणारा संगणक खोलीला ३०० वॉटच्या हीटरइतकीच ऊब देतो. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे ही उष्णता किती लहान जागेतून बाहेर पडते. आजचे घरगुती वापराचे सर्वांत ताकदवान प्रोसेसर पूर्ण भारावर अडीचशे वॉटपर्यंत जातात, आणि आतला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० वॉट. कपड्यांच्या हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॉट देतो. इस्त्रीच्या पंधरा-वीस पट तीव्र आच, आणि तीही १०० अंशांच्या आत ठेवायची, कारण त्या सुमारास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा की उष्णता मुळात कमी कशी तयार होईल. आपल्याकडे मात्र लोक आधी बाजारातून आणखी एक फॅन आणतात. प्रोसेसरमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर दर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. त्या उघडझापेत खर्च होणारी वीज घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. हा वर्ग आपल्या कामाचा आहे. व्होल्टेज १० टक्के उतरवले तर या खर्चात १९ टक्के बचत होते. कारखान्यातून येताना प्रोसेसरला सहसा गरजेपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज दिलेले असते, कारण एकाच घाण्यातले सगळे तुकडे सारखे उतरत नाहीत आणि सर्वांत कमजोर तुकडाही चालायला हवा. संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बायोसच्या सेटिंगांत जाऊन हे व्होल्टेज थोडे थोडे कमी करत न्यायचे, प्रत्येक वेळी संगणकावर पूर्ण भार टाकून तो स्थिर चालतो का ते पाहायचे, आणि अडखळला की एक पायरी मागे यायचे. बरेच मदरबोर्ड प्रोसेसरच्या एकूण वॉटवर मर्यादाही घालू देतात. शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी प्रोसेसर वाजवीपेक्षा फार जास्त वीज जाळतो, तेव्हा उन्हाळ्याचे तीन महिने ही मर्यादा खाली ठेवण्यात काहीच तोटा नाही. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

उष्णता कमी करण्याचा आणखी मूळचा मार्ग म्हणजे कामच कमी पायऱ्यांत उरकणे, आणि इथे ग्वाल्हेरचा अभिमानाने उल्लेख करता येतो. नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. आयआयटी मुंबईतून शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय प्रायोजनाची, म्हणजे दिलेल्या मर्यादा पाळून सर्वांत चांगले उत्तर शोधण्याच्या गणिताची, एक नवी रीत मांडली. विमानांची वेळापत्रके, दूरध्वनीच्या जाळ्यांची आखणी, मालवाहतूक असे असंख्य प्रश्न या गणितात बसतात. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ पासूनची जुनी रीत उत्तरांच्या बहुपृष्ठी आकृतीच्या कडांवरून कोपऱ्या-कोपऱ्याने चालत जाते. करमरकरांची रीत त्या आकृतीच्या पोटातून वाट काढते, आणि मोठ्या प्रश्नांत पुष्कळ पायऱ्या वाचवते. वाचलेली प्रत्येक पायरी म्हणजे न तापलेले सिलिकॉन. पुढे पुण्यात टाटांच्या सीआरएल या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. तिथल्या ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा क्रमांक मिळवला. ग्वाल्हेरने हे नाव तानसेनाच्या पंगतीला बसवायला हरकत नाही.

तयार झालेली उष्णता बाहेर नेण्याची वाट हा पुढचा भाग. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि मधल्या फटींत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, तांब्याच्या तुलनेत सुमारे पंधरा हजार पट वाईट. ती हवा हटवण्यासाठीच थर्मल पेस्ट असते. ती तांब्यापेक्षा चांगली नसते, फक्त हवेपेक्षा पुष्कळ बरी असते. म्हणून पातळ थर हवा, लोण्यासारखा जाड नको. वर्षानुवर्षे गरम-गार होऊन ही पेस्ट वाळते, कडेला सरकते. चार-पाच वर्षांचा संगणक अचानक तापू लागला असेल तर जुनी पेस्ट पुसून नवी लावणे हा सर्वांत फळणारा खर्च आहे.

हीटसिंकमधल्या वाकवलेल्या तांब्याच्या नळ्या पुष्कळांना भरीव वाटतात. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून घेऊन थोडेसे पाणी भरलेले असते, आणि भिंतीला आतून सच्छिद्र अस्तर असते. दाब इतका कमी की ते पाणी साध्या कोमट तापमानालाही उकळते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पाणी होऊन उष्णता सोडते, आणि अस्तरातून ते पाणी झिरपत परत येते. ना पंप, ना मोटार, ना आवाज. तांब्याच्या भरीव कांबीपेक्षा ही नळी कितीतरी पट वेगाने उष्णता वाहते. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती विकसित केली. तेव्हा डोळ्यांपुढे अंतराळयाने होती. आज तीच नळी बहुतेक लॅपटॉपमध्ये बसली आहे.

आता फॅन. पंख्यांचे नियम फार बोलके आहेत. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण लागणारी वीज एक अष्टमांश होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी वाटते, हे लक्षात घेतले तर १५ म्हणजे केवढी शांतता! दुसरीकडे एकाऐवजी सारखेच दोन फॅन लावले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. यातून निघणारा व्यवहार असा की एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवावेत, आणि ८० मिलिमीटरच्या लहान फॅनऐवजी १२० किंवा १४० चा मोठा घ्यावा. बायोसमध्ये फॅनची वेगरेषा आपल्याला हवी तशी आखता येते. ती सपाट आणि उशिरा चढणारी ठेवावी. एकसारखा आवाज कान विसरतो. मिनिटा-मिनिटाला चढ-उतार करणारा विसरत नाही. ज्या शहरात ख्याल गायकीचे सर्वांत जुने घराणे रुजले, तिथे घरी बसून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांना हे जास्त सांगायला नको. तंबोऱ्याखाली १२० हर्ट्झची घरघर ऐकू येत असेल, तर ती मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची असण्याचा संभव मोठा. डिस्कखाली रबराच्या चकत्या घालाव्यात, किंवा सरळ एसएसडी बसवावी. तिच्यात हलणारा भागच नाही.

पण ग्वाल्हेरचा खरा शत्रू धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत हवेतल्या सूक्ष्म कणांच्या बाबतीत हे शहर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. त्यात मे-जूनमधल्या आंध्या. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ही धूळ नमद्यासारखी बसते आणि मग कितीही मोठा फॅन लावा, हवा शिरतच नाही. यावर एक हुशार तोड आहे: हवा आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे आणि आत घेणाऱ्यांवर जाळी बसवायची. मग कॅबिनेटच्या आतला दाब किंचित जास्त राहतो, फटीफटींतून हवा बाहेर जाते, आणि धूळ फक्त जाळीवर अडते. जाळी नळाखाली धुता येते, मदरबोर्ड नाही. ब्लोअरने साफ करताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते.

उन्हाळ्याशी ग्वाल्हेरचे भांडण जुने आहे आणि त्याची उत्तरेही जुनी आहेत. किल्ल्यावरचे मानमंदिर राजा मानसिंह तोमर यांनी बांधले. त्यांची कारकीर्द १४८६ ते १५१६. या वाड्याला जमिनीखाली दोन मजले आहेत, उन्हाळ्यात उतरून बसण्यासाठी. पुढे मोगलांनी तिथे राजकैदी कोंडले, तो भाग निराळा. हवा-उजेड खाली नेणाऱ्या भिंतींतल्या वाटांना वाटाडे मोठ्या उत्साहाने राण्यांचा टेलिफोन म्हणतात, पण त्यांचे वायुवीजनाचे काम जास्त नवलाचे आहे. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर हलत नाही, ते त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ राहते, आणि ग्वाल्हेरची ही सरासरी २५-२६ अंशांच्या आसपास. वर ४५, खाली त्याच्या जवळपास निम्मे. आपल्या घरी तळघर नसेल, पण तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली आतली खोली असू शकते. संगणक गच्चीखालच्या खोलीतून तिथे हलवला तर पाच-सहा अंश फुकट मिळतात. कोणताही महागडा कूलर याहून स्वस्तात हे देणार नाही.

घरातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हा आपला दुसरा मित्र. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेते. ३०० वॉटच्या संगणकाची तासभराची उष्णता शोषायला अर्धा लिटरही पाणी लागत नाही. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला घरगुती कूलर २८-३० पर्यंत आणतो. ओलाव्याने संगणकावर दव धरेल ही भीती निराधार आहे, कारण चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असतात. तरी झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. कूलर तुषार उडवतो, त्यातले क्षार आणि धूळ मिळून चिकट थर बसतो. पावसाळा लागला की ही जादू संपते.

पाण्याने थंड होणारे संच बाजारात झोकात मिळतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात प्रोसेसरवरून थेट द्रव खेळवून उष्णता वाहून नेली जाते, आणि तिथे ते हवेच. एका खोलीत शेकडो प्रोसेसर दाटीने असले की हवा अपुरी पडू शकते. घरी मात्र त्या द्रवाची उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडायची असते, त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली तोही जाऊ शकत नाही. वर पंपाची कुरकुर. माझे मत विचाराल तर जाड हवाई हीटसिंक आणि मोठा संथ फॅन ग्वाल्हेरला जास्त मानवतो. तोच पैसा चांगल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, घालावा. ३०० वॉट पुरवताना ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस स्वतः ७५ वॉट जाळतो, ९० टक्क्यांचा फक्त ३३. शिवाय त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. ग्वाल्हेरात एसएमपीएस लवकर का मरतात, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

तेव्हा वाचकांना विनंती अशी, की यंदा फॅन विकत घेण्याआधी बायोस उघडून पाहा, पेस्ट बदला, संगणक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि खालच्या खोलीत न्या. आणि वर्षातून दोनदा, एकदा आंध्यांचे दिवस सरल्यावर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, कॅबिनेट उघडून झाडून घ्या.