शुश्रूषा करणाऱ्यांच्या जखमांचा हिशेब

इस्पितळ हे व्याधिमुक्तीचे स्थान होय ही समजूत आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या इतकी दृढ झालेली आहे, की तेथे अहोरात्र राबणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार हेच त्या कामापायी किती संख्येने जायबंदी होत असतील, हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा हिशेब कित्येक वर्षे सरकारी रीतीने ठेवला जातो, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष धक्का देणारे आहेत. २०११ साली तेथील इस्पितळांत कामामुळे झालेल्या दुखापती व आजार यांची २,५३,७०० प्रकरणे नोंदली गेली. म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या दर शंभर माणसांमागे ६.८, जे प्रमाण खाजगी उद्योगांच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होते. ज्या दुखापतींमुळे कामावर गैरहजर राहावे लागते, तेवढ्याच विचारात घेतल्या तरी बांधकाम आणि कारखाने या दोन्ही क्षेत्रांना इस्पितळांनी मागे टाकले होते. अशा दुखापतींपैकी ४८ टक्के अतिश्रमाने किंवा शरीरावर पडलेल्या ताणाने झालेल्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा रुग्णाला उचलताना, कुशीवर वळवताना किंवा खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना ओढवलेल्या होत्या.

हे प्रमाण काढण्याची रीत तशी सोपी आहे. वर्षभरातील नोंदलेल्या दुखापतींना सर्व कर्मचाऱ्यांनी मिळून केलेल्या कामाच्या तासांनी भागावयाचे आणि आलेल्या भागाकारास २,००,००० ने गुणावयाचे. कारण शंभर माणसे आठवड्यास चाळीस तास याप्रमाणे वर्षातील पन्नास आठवडे कामावर राहिली, तर एकंदर तास तितकेच भरतात. डोकी न मोजता तास मोजण्यात मोठे शहाणपण आहे. कारण अर्धवेळ येणारा तंत्रज्ञ आणि सलग दोन पाळ्या ओढणारी सिस्टर ही हजेरीपटावर एकेकच ओळ व्यापत असली, तरी धोक्याच्या सान्निध्यात त्यांनी घालवलेला काळ सारखा नसतो.

छेद कोणता घ्यावा यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे जॅनिन जॅगर या व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली जे दाखवून दिले, ते मला या विषयातील सर्वांत मोलाचे कार्य वाटते. एका विद्यापीठीय इस्पितळातील सुई टोचण्याच्या ३२६ घटना त्यांनी तपासल्या, तेव्हा एकदाच वापरून टाकावयाच्या साध्या सिरिंजचा वाटा सर्वाधिक, म्हणजे ३५ टक्के दिसला, आणि दोष तिच्याच माथी मारून प्रकरण मिटवता आले असते. परंतु प्रत्येक प्रकारची किती साधने खरेदी झाली होती त्या संख्येने भागल्यावर चित्र पार पालटले: साध्या सिरिंजचे प्रमाण सर्वांत कमी, दर लाखामागे ६.९ इतके निघाले, तर सलाईनच्या नळीस जोडलेल्या सुईचे ३६.७ वर गेले. वापरानंतर जी साधने सुटी करावी लागत, ती विशेष घातक होती. शिवाय एकतृतीयांश जखमा सुईला पुन्हा टोपण घालण्याशी निगडित होत्या. दोष निष्काळजी हातांचा म्हणून जो समजला जात होता, तो बराचसा साधनांच्या घडणीत होता, ही गोष्ट नुसत्या बेरजेने कधीच उघडकीस आली नसती. पुढे २००० साली अमेरिकेत सुईच्या जखमांविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि प्रत्येक जखमेमागील साधनाचा प्रकार, त्याची बनावट, विभाग व प्रसंग यांची वही ठेवणे बंधनकारक ठरले. दुसऱ्याच्या रक्ताने दूषित झालेल्या सुईची प्रत्येक जखम, एका दिवसाचीही रजा पडली नसली तरी, तेथे नोंदावीच लागते, आणि सर्वसाधारण नोंदवहीत जखमी व्यक्तीचे नाव मात्र गुप्त ठेवले जाते.

अंशाची कथा याहून दुःखद आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सतरा वैद्यकीय केंद्रांतील शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणाऱ्या ६९९ डॉक्टरांनी उत्तरे दिली. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षापर्यंत त्यांतील ९९ टक्क्यांना सुई टोचून चुकली होती, आणि सर्वांत अलीकडच्या जखमांपैकी ५१ टक्के त्यांनी कोठे कळवल्याच नव्हत्या. वेळ मिळाला नाही, हे सर्वाधिक आढळलेले कारण होते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात हे ध्यानी घेता, न कळवलेली जखम ही केवळ सांख्यिकीतील उणीव राहत नाही. तीत एका माणसाचे उपचार हुकलेले असतात.

आपल्याकडे कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने जी पद्धत घालून दिली, तीत अपघातानंतर ४८ तास किंवा अधिक काळ काम करता आले नाही, तर तो कळवण्याजोगा मानला गेला. भारतीय मानकानुसार वारंवारतेचा दरही दहा लाख तासांमागे काढतात. गुणक बदलून पाचाने गुणणे अवघड नाही, परंतु सुई टोचल्यावर हात धुऊन पाळी पुरी करणारी सिस्टर ४८ तासांच्या त्या व्याख्येत बसतच नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी 'मोठा अपघात' या संज्ञेतून सुईची जखम स्पष्ट शब्दांत वगळली आणि अशा इतर अपघातांस वार्षिक अहवालात स्थान दिले. हा अहवाल महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रुजू होतो. त्यात खाटांची संख्या असते, अपघातांची असते, कामाचे तास मात्र नसतात, आणि रुग्णाला उचलताना ज्या मावशींची कंबर धरली, त्यांचा कचऱ्याशी संबंध नसल्याने त्यांना तेथे रकानाच नाही.

म्हणून एखाद्या इस्पितळाने हे काम मनापासून हाती घ्यावयाचे ठरवले, तर कंत्राटदाराच्या मस्टरवरील तास छेदात आणि त्या माणसांच्या जखमा अंशात प्रथम आणाव्यात, रात्रपाळीतही जखम कळवण्यास जागचे माणूस नेमावे, आणि पहिल्या वर्षी आकडा वाढलेला दिसला म्हणून कोणत्याही विभागप्रमुखाकडून वा मुकादमाकडून कैफियत मागू नये.