चाकांवरच्या घराची वीज

अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराला कॅम्पग्राउंडवरच्या खांबातून वीज मिळते. 30 अँपिअरच्या जोडणीत 120 व्होल्टची एक तार, 50 अँपिअरच्या जोडणीत दोन. या दुसरीत न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली, तर एका तारेवरचा विजेचा दाब 240 कडे चढतो आणि मायक्रोवेव्ह जळतो. साधा सर्ज प्रोटेक्टर इथे अपुरा. त्यातला झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर क्षणभराचा झटका गिळतो, आणि दर झटक्यागणिक थोडा झिजतो. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी सुरू झाले की दाब घसरतो, कॉम्प्रेसर तापतो. ते साध्या प्रोटेक्टरला कळतच नाही. म्हणून दाब साधारण 104 च्या खाली किंवा 132 च्या वर जाताच वीज तोडणारं, अर्थिंगही तपासणारं महागडं यंत्रच घ्यावं. घर जोडण्याआधी ते एकटंच खांबाला लावून पाहा.