पाणी कुठे मुरतंय?

१९६१ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात एक अजब छायाचित्रमालिका छापून आली. डिक फिशर नावाचा कारखानदार छोट्याशा मोटरबोटीत निवांत बसलाय आणि त्याच्या देखत, भर पाण्यात, बोट करवतीने आडवी कापली जातेय. दोन तुकडे झाले. त्यातला इंजिनाचा तुकडा घेऊन फिशर आरामात निघून गेला. त्याच्या बोस्टन व्हेलरची ‘न बुडणारी बोट’ ही ख्याती त्या चित्रांनी पक्की केली.

फिशर हार्वर्डचा पदवीधर. फायबरग्लासच्या दोन पातळ कवचांच्या मधे पॉलियुरेथेनचा द्रव सोडायचा, तो फुगून फेस होतो आणि दोन्ही कवचांना आतून घट्ट धरतो, ही त्याच्या बोटीमागची कल्पना. आकार रे हंट या नौकारचनाकाराचा. पहिला नमुना हिकमनच्या जुन्या ‘सी स्लेड’ बोटीसारखा, खाली दोनच धारा असलेला होता. मधल्या पोकळीतून हवा पंख्यापर्यंत पोचायची आणि पंखा पाणी सोडून नुसता गरगरायचा. मग मधे तिसरी धार आली. १९५८ साली बाजारात आलेली ही १३ फुटी बोट आजही जुन्या बोटींच्या हौशी लोकांची लाडकी आहे.

अशी बोट विकत घेणारे बहुतेकजण आधी रंग बघतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी बघावा. फेसात पाणी सहजी शिरत नाही हे खरं, पण चाळीस-पन्नास वर्षांत शिरतं. कुणीतरी रॉड अडकवायला स्क्रू मारलेला असतो, पुढे तो काढलेला असतो आणि भोक तसंच राहिलेलं असतं. तळातलं पाणी बाहेर सोडणारी पितळी नळी दोन्ही कवचांमधून आरपार जाते. ती गंजून चिरली की प्रत्येक फेरीत थोडं पाणी आत मुरतं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या थंडीत त्याचा बर्फ होतो, फेस फुटतो आणि पुढच्या पाण्याला वाट मिळते. बोट बुडत नाही, नुसती जड होत जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे निदानाचं उत्तम साधन म्हणजे वजनकाटा. बोटीचं वजन करायचं आणि कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडायचं. पन्नासेक किलोचा फरक निघाला, तर तो रंगाचा नाही.

ओला फेस वाळवायचे नाना उपाय लोक सुचवतात: भोकं पाडून उभी ठेवा, पंप लावून ओढून घ्या. मला त्यांचा फारसा भरवसा नाही. जिथे ओल आहे तिथलं कवच कापावं, फेस खरवडून काढावा, नवा भरावा. इंजिन टांगतात त्या मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर तिथे टणक आवाज येण्याऐवजी भद्द आवाज आला, तर प्लायवूड कुजलंय असं समजावं आणि नवं इंजिन घेण्याआधी तेच बदलावं.

कवच जोडताना भोकाच्या कडा घासून लांब उतार करतात, जाडीच्या बारा पट. कवच पाव इंचाचं असेल तर उतार तीन इंचांचा. घाई करणारे इथेच फसतात, कारण जोडाची ताकद त्या उतारातच असते. जुन्या पॉलिएस्टरला इपॉक्सी उत्तम धरते, पण इपॉक्सीवर नेहमीचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, नीट धरत नाही. म्हणून अशा डागडुजीवर रंगच द्यावा लागतो.

कोकणात १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या की हेच ठोकणं, खरवडणं, थर चढवणं चालतं. फायबरच्या होडीला किनारा कुठलाही असो, दुखणी तीच.

आता सुधारणा. जुनं दोन-स्ट्रोक इंजिन धूर ओकतं, पेट्रोल पितं, पण वजनाला हलकं असतं. आजचं ४० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास जातं. १३ फुटी व्हेलरला कंपनीने तेवढी ताकद मान्य केली होती, तेवढं वजन धरलं नव्हतं. पिछाडी खचते, थांबताना मागची लाट आत येते. म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकी नाळेकडे सरकवतात. दोघांनीच फिरायचं असेल तर साठ-सत्तर किलोचं २५ अश्वशक्तीचं इंजिन पुरे. बोट सुसाट पळावी एवढाच हट्ट असेल तर दुसरी बोट शोधावी.

वायरिंग मात्र सगळंच उपटून टाकावं. खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं. कल्हई केलेल्या तांब्याची तार आणि बॅटरीला लागूनच फ्यूज हवा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉलने मऊ पडतात, तेही बदलावेत. आणि चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवावी. २६ फुटांखालच्या ज्या बोटींत ती सोय आहे, तिथे ती वापरणं अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे.

जुनी व्हेलर घ्यायला गेलात तर विकणाऱ्याला आधी वजन करू द्यायला सांगा. तो आढेवेढे घेऊ लागला, तर पैसे खिशात ठेवून परत फिरा.