साहेबांना अडचण सांगता येते का?

दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतील आपल्याकडची मुले-मुली घरी आली की माझ्या दवाखान्यात त्यांचीही रांग लागते. तक्रारी ठरलेल्या. झोप नाही, छातीत जळजळ, मान आखडते, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा. वय तिशीच्या आतबाहेर. सोबतच्या आईचा प्रश्नही ठरलेला, "डॉक्टर, खुर्चीत बसून तर काम, मग एवढा थकवा कशाने?"

त्यासाठी हे काम चालते कसे ते पाहू. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी एकत्र येऊन 'अ‍ॅजाइल' म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा तयार केला. मोठे काम लहान तुकड्यांत करायचे, गिऱ्हाइकाला वरचेवर दाखवायचे, चुकले तर लगेच सुधारायचे. बऱ्याच कंपन्यांत दोन आठवड्यांचा एक टप्पा असतो, त्याला 'स्प्रिंट' म्हणतात. रोज १५ मिनिटांची बैठक, तीही उभ्याउभ्या. पद्धत मुळात चांगली आहे. कामाचा वेग कायम टिकवता येईल असाच असावा, हे त्या मंडळींच्या तत्त्वांतच आहे. मग टप्प्याला 'स्प्रिंट' हे नाव का दिले कोण जाणे! शंभर मीटरची शर्यत वर्षभर कोण धावेल?

बिघडते ते त्या रोजच्या बैठकीत. 'माझे इथे अडले आहे' असे सांगण्यासाठी ती असते. पण वरिष्ठ तिथे हजेरीमास्तर होऊन बसला, की पोरे 'सगळे ठीक आहे' म्हणतात आणि रात्री दोन वाजेपर्यंत एकट्याने निस्तरत बसतात.

प्रा. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. जिथे वरिष्ठ चांगले व एकोपा चांगला, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या! उलगडा असा, की तिथे परिचारिका चूक लपवत नव्हत्या. चूक कळली तरच ती सुधारते, हे आम्हा डॉक्टर मंडळींनाही लागू आहे.

शरीरावरचा परिणाम पाहायचा तर लंडनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास आहे. १९८५ पासून दहा हजारांवर स्त्री-पुरुषांची पाहणी झाली. कामात ज्यांचे स्वतःचे काही चालत नव्हते, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. नोकरीतील दीर्घ ताणाने येणारी गळाठी, म्हणजे 'बर्नआउट', जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या वर्गीकरणात नोकरीशी निगडित स्थिती म्हणून नमूद केली. आजार म्हणून नव्हे. म्हणजे नुसत्या गोळ्यांनी ती जाणार नाही.

आपल्या हाताखाली चार माणसे असतील, मग ती कंपनी असो, पतपेढी असो की दुकान, तर 'किती झाले?' याच्याआधी 'कुठे अडले?' असे विचारावे. वाईट बातमी आणणाऱ्यावर खेकसू नये. तातडीचे नसेल तर रात्री फोन करू नये.

मुलांनी रक्तदाब, साखर तपासून घ्यावी. आम्लपित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनानेच खाऊ नयेत. दोन आठवडे झोप उडाली असेल, मन कशातच लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारची १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवाही विनामूल्य आहे. आणि छातीतील कळ हातात किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर 'टेन्शन असेल' म्हणत घरी न थांबता तडक रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा.