जखम भरली तरी वण जपा



भीमेकाठी वडगाव रासाईत काय किंवा पलीकडे दौंड तालुक्यात काय, उसाचा हंगाम लागला की कोयत्याचे घाव आणि गुऱ्हाळावरचे चटके ठरलेलेच. खपली पडली की आपण पुन्हा कामाला लागतो. डाळिंबाची फांदी छाटली तर कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट न चुकता लावतो. अंगावरचा वण मात्र तसाच उन्हात ठेवतो.

खपलीखालची कातडी वरून भरलेली दिसली, तरी आतून पक्की व्हायला वर्षभर, कधी दोन वर्षेही लागतात. तोवर तिला ऊन सोसत नाही. उन्हाने वण काळपट पडतो आणि तो डाग लवकर जात नाही. खोल भाजलेल्या जागी घामाच्या व तेलाच्या ग्रंथी जळतात. म्हणून तिथली कातडी कोरडी पडते, खाजते, तडकते.

भाजल्याबरोबर काय कराल? पाणी 100 अंशांना उकळते. गुळाचा पाक 118 अंशांच्या आसपास उतरवतात, शिवाय तो अंगाला चिकटतो. म्हणून लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ नको. चिकटलेला कपडा ओढू नका. शाई, चुना, टूथपेस्ट लावू नका. दवाखान्यात जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

जखम पूर्ण भरल्यावर हे करा :

1. वण झाका. घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. डोक्याला उपरणे किंवा पदर घ्या. उन्हाळ्यात 11 ते 4 शक्यतो सावलीतली कामे धरा. उघड्या राहणाऱ्या जागी ‘एसपीएफ 30’ चे मलम लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा.

2. दिवसातून दोन-तीनदा खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून पाच मिनिटे हलक्या हाताने चोळा.

3. कोपर, बोटे, गुडघा यांवर वण असेल तर डॉक्टरांना विचारून सांधा रोज अनेकदा पूर्ण सरळ करा. आळस केला तर कातडी आखडते आणि बोट वाकडेच राहते. मग कोयता धरणार कसा?

4. डाग जावा म्हणून लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी पोळते, अधिकच काळी पडते.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. भाजल्याचा जुना वण, अगदी वीस-तीस वर्षांचासुद्धा, पुन्हा फुटला आणि तीन आठवड्यांत भरला नाही, तर घरगुती लेप लावत बसू नका. क्वचित अशा जागी कॅन्सर होतो. वेळेत दाखवलं तर इलाज होतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. गरज पडल्यास तिथले डॉक्टर पुण्याला ससून रुग्णालयात पाठवतील.

पिकाला जपता, तसं अंगालाही जपा.