एकाच द्राक्षाची फ्रेंच रेड वाइन: चाखायची कशी, निवडायची कशी?



परवाच्या व्हिडिओत मी फ्रेंच वाइनचं उदाहरण दिलं आणि वेळ संपली. आज ते सविस्तर बघू.

तुम्ही म्हणाल, "सर, आपण बीडचे. ऊस, कापूस, सीताफळ यावर बोला. ही वाइन कुठून आणली?" बरोबर आहे. म्हणून आधी माझा तोटा सांगतो.

पहिल्या वर्षी मी सीताफळाचा गर विकला. गावरान, बालानगर, जो माल मिळेल तो एकत्र. एका आइस्क्रीमवाल्याने दोन डबे उघडले, चमचाभर चाखलं आणि विचारलं, "हे दोन्ही डबे तुमचेच का?" मी म्हणालो, "हो, मस्त गोड आहे की!" ऑर्डर गेली ती गेलीच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, नाव एवढं मोठं; आणि माझ्याकडे चवीसाठी शब्द एकच, "गोड". चव ओळखायची आणि शब्दांत सांगायची शिस्त मी नंतर वाइनच्या धंद्याकडे बघून शिकलो.

लेबलवर गावाचं नाव, द्राक्षाचं नाही

बोर्दोसारख्या भागात बहुतेक वेळा दोन-तीन जातींची वाइन एकत्र करतात. काही भागांत मात्र रेड वाइन मुख्यतः एकाच जातीची असते. गोची अशी की बाटलीवर अनेकदा जात लिहिलेलीच नसते, फक्त प्रदेश असतो. आपण नाही का "धारूरचं सीताफळ" म्हणतो, तसंच. एवढं लक्षात ठेवा:

- बोजोले: गामे द्राक्ष. हलकी, सगळ्यात फळाळ. सुरुवात इथून.
- बर्गंडी: पिनो नुआर. नाजूक सुगंध, खिशाला जड.
- शिनों: कॅबर्ने फ्रां. फळासोबत हिरव्या मिरचीसारखा वास.
- पे डोक: दक्षिण फ्रान्स. इथे लेबलवर मर्लो, सिरा अशी जात बऱ्याचदा लिहिलेली सापडते. युरोपच्या नियमानुसार एकाच जातीचं नाव छापलं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्या जातीची लागतात.

नाकारलेल्या द्राक्षाची गोष्ट

१३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे हे हलकं द्राक्ष ठरवून ते उपटून टाकायचा हुकूम काढला. दक्षिणेला बोजोलेत मात्र ते टिकलं. तिथल्या लोकांनी त्याला पिनो नुआर बनवायचा आटापिटा केला नाही. त्याचा जो गुण, तोच पुढे आणला. अख्खे घड न चिरडता बंद टाकीत ठेवतात. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत मण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते. त्यामुळे सालीतला तुरटपणा कमी उतरतो आणि फळाचा वास उठून येतो. त्याच वर्षीच्या द्राक्षांची 'बोजोले नूव्हो' नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि तो दिवस जगभर साजरा होतो.

चाखायची कशी?

१. थंड करा. "रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्या" हा सल्ला थंड देशातला. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली चाळिशीला टेकते! हलकी रेड १३-१४ अंशांना छान लागते. पिण्याआधी फ्रीजमध्ये ठेवा.
२. बघा. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा. गामेचा रंग साधारण पातळ, जांभळट-लाल दिसतो.
३. हुंगा. ग्लास गोल फिरवा आणि वास घ्या. पुस्तकात रास्पबेरी लिहिलेलं असतं, ती आपण खाल्लेली नसते. तुम्ही तुती, डाळिंब, करवंद, जांभूळ म्हणा. नूव्होत कधी चक्क केळ्याचा वास येतो.
४. घोट तोंडात फिरवा. लाळ सुटली तर आंबटपणा. जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली गेली तर तुरटपणा, म्हणजे टॅनिन.
५. थुंका आणि लिहा. व्यावसायिक चाखणारे घोट गिळत नाहीत. पाच शब्द लिहा, मगच पुढचा ग्लास.

एक घोळ टाळा: फळाळ म्हणजे गोड नव्हे. या वाइनमध्ये साखर जवळजवळ नसते, फळ असतं ते वासात.

निवडायची कशी?

पहिल्यांदा साधी बोजोले किंवा बोजोले-व्हिलाज घ्या. जरा भरीव हवी असेल तर फ्लरी किंवा मॉर्गों. बोजोलेतल्या नावाजलेल्या १० गावा-भागांपैकी ही दोन. दोन वर्षं जुनी नूव्हो सवलतीत मिळाली तरी घेऊ नका, ती ताजी प्यायचीच वाइन. आयात शुल्कामुळे फ्रेंच बाटली महाग पडते. सरावाला नाशिकची शिराझ चालेल, ती फ्रान्सचीच सिरा. पण गामेपेक्षा जास्त भरदार लागते.

आणि स्पष्ट सांगतो: कायद्याने ठरलेलं वय आणि नियम पाळा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय एक बाटलीही विकू नका. ज्यांच्या घरी दारू चालत नाही, त्यांनी प्यायची काहीच गरज नाही. शिस्त तेवढी उचला.

आपल्या धंद्यासाठी गृहपाठ

तीन वाट्या घ्या. गावरान, बालानगर आणि एनएमके-१ गोल्डन, तिन्ही सीताफळांचा गर वेगवेगळा ठेवा. वाटीखाली चिठ्ठी चिकटवा आणि घरच्यांना न सांगता चाखायला द्या. प्रत्येकाने पाच शब्द लिहायचे, "गोड" आणि "छान" सोडून. सीताफळ नसेल तर गूळ घ्या, लोणचं घ्या, शेंगदाण्याची चटणी घ्या.

आता मी जातीनुसार डबे वेगळे भरतो आणि डब्यावर जात, तोडणीची तारीख आणि चवीची एक ओळ लिहितो. गिऱ्हाईक विचारतं, "यात वेगळं काय?" तेव्हा मला उत्तर देता येतं. ज्याला आपल्या मालाची चव सांगता येत नाही, त्याला शेवटी भावच कमी करावा लागतो.

तुमचे पाच शब्द वहीत लिहा. पुढच्या भागात त्यातूनच लेबल बनवू!