लक्षणे ओसरली, पण दैनंदिन कामे जमतात का? मनोविकारांत रुग्णाच्या स्वमूल्यांकनाचे महत्त्व

उपचारांनंतर झोप लागू लागली, रडू येणे थांबले. तरीही स्वयंपाक उरकत नाही, कार्यालयीन कामात लक्ष लागत नाही, नातेवाइकांकडे जाणे टाळले जाते. नैराश्य व चिंताविकार यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या मनोविकारांत ही स्थिती अपवादात्मक नाही. लक्षणे आणि दैनंदिन कार्यक्षमता नेहमी एकाच वेगाने सुधारत नाहीत. त्यामुळे आपल्या कार्यक्षमतेबाबत रुग्णाने स्वतः नोंदवलेली उत्तरे उपचारांसाठी महत्त्वाची ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘हूडास २.०’ ही प्रश्नावली याच हेतूने वापरली जाते. आकलन, हालचाल, स्वतःची निगा, इतरांशी संबंध, घरकाम व नोकरी-शिक्षण आणि सामाजिक सहभाग या सहा क्षेत्रांत मागील ३० दिवसांत किती अडचण आली, हे रुग्णाने सांगायचे असते. ‘अजिबात नाही’पासून ‘अतितीव्र अथवा अशक्य’पर्यंत पाच पर्याय असतात. प्रश्नावलीचे ३६ आणि १२ प्रश्नांचे नमुने उपलब्ध आहेत. लहान नमुन्यात प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण दिल्यास बेरीज ० ते ४८ या दरम्यान येते. गुण जितके अधिक, तितकी अडचण अधिक. नोकरी वा शिक्षण सुरू नसलेल्यांसाठी मोठ्या नमुन्यातील संबंधित चार प्रश्न वगळता येतात.

‘कार्य व सामाजिक समायोजन’ मोजणारी दुसरी प्रश्नावली अवघ्या पाच प्रश्नांची आहे. तीत प्रत्येक प्रश्नाला ० ते ८ गुण असून कमाल बेरीज ४० होते.

स्वमूल्यांकनाला मर्यादाही आहेत. नैराश्यात स्वतःकडे पाहण्याची दृष्टीच काळवंडते. त्यामुळे रुग्ण आपली क्षमता प्रत्यक्षाहून कमी मानण्याची शक्यता असते. उलटपक्षी, कलंकाच्या भीतीने काही जण अडचण लपवतात. ज्या घरात कामाचा भार इतरांनी उचलला आहे, तेथे अडचण उत्तरांत उमटतेच असे नाही. गुडघेदुखीसारख्या शारीरिक व्याधीमुळेही गुण वाढू शकतात. म्हणून एकाच वेळच्या आकड्यावरून निष्कर्ष न काढता ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींची तुलना करणे आणि डॉक्टरांचे निरीक्षण व कुटुंबीयांची माहिती त्यांच्याशी पडताळणे आवश्यक ठरते.

दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रक्रिया मात्र वेगळी आहे. मानसिक आजारांतील दिव्यांगत्व मोजण्यासाठी भारतात ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरली जाते आणि तिचे गुण तज्ज्ञ देतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. केवळ स्वतः भरलेल्या प्रश्नावलीच्या आधारे हे प्रमाणपत्र मिळत नाही.

तरीही या उत्तरांचे मोल कमी होत नाही. ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाला रुग्ण बहुधा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘गेल्या महिन्यात घरची कामे किती जमली?’ असे विचारले, तर उपचारांत काय उरले आहे ते समोर येते. मानसिक आरोग्यविषयक मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.